पडदा थिजला तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. त्यानंतर शाळा सुटली ती सुटलीच. आजच्या कार्यक्रमात वर्षाच्या चटणीविषयी दोन शब्द बोलावेत असे माझ्या मनात होते, कारण त्यात मला कोणी हटकणार नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “चटणी सगळ्यांनाच येते. तुम्ही कॉम्प्युटरचे सांगा.” तेव्हा ते सांगते. सांगताना माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगावी लागणार आहे. ती निम्म्या जणींना ठाऊक आहे. उरलेल्या निम्म्या जणींनी ती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

मंडळाच्या मागच्या खोलीतला कॉम्प्युटर आपण २०१९ साली जुना म्हणूनच घेतला. तो एका कचेरीतून निघालेला होता. त्यात तेव्हा विंडोज ७ होते. त्याची देखभाल कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबवली, आणि नवे विंडोज त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपेना. मग माझ्या भाच्याने सुट्टीत येऊन त्यात लिनक्स मिंट घालून दिले. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने लिहावयास घेतला, आणि पुढे जगभरच्या माणसांनी तो वाढवला. त्याला पैसे पडत नाहीत, हे आपल्या मंडळाला फार सोयीचे. आपल्या भिशीचे, कर्जाच्या हप्त्यांचे आणि चटणीच्या ऑर्डरींचे हिशेब त्यावर मी मांडू लागले. चार वर्षे काही तक्रार नव्हती.

२०२४ च्या एप्रिलमध्ये एका दुपारी मी हप्ते लिहीत बसले होते. शेजारच्या पडवीत डंक धडधडत होता. उन्हाळ्याचे ते दिवस म्हणजे आपल्याकडे मिरचीचे दिवस, तुम्हांला सांगायला नको. शेवटची नोंद केली, ती साठवण्याची खूण दाबली, आणि पडदा थिजला. थंडीत डब्यातले तूप थिजावे तसा. माऊसचा बाण जागचा हलेना, कोपऱ्यातले घड्याळ तीन वाजून बारा मिनिटांवर थांबले. मी थोडा वेळ वाट पाहिली, दोन-चार बटणे दाबली, माऊस आपटला. तोवर बाहेरून हाका सुरू झाल्या, मिरच्या संपत आल्या होत्या. मी उठले आणि भिंतीवरचे बटण सरळ बंद केले. घरात मिक्सर अडकला की आपण तेच करतो ना?

पुन्हा चालू केल्यावर कॉम्प्युटर आला, पण हिशेबाची फाइल रिकामी. नाव जागच्या जागी, आत शून्य. यंत्र ती तबकडीवर लिहीत असताना मी त्याच्या हातातली लेखणी हिसकावली होती, हे मला पुढे कळले. पेन ड्राइव्हवर जुनी प्रत होती ती तीन आठवड्यांपूर्वीची.

त्या तीन आठवड्यांत कोणी काय भरले हे मी एकेकीला विचारत फिरले. सगळ्यांनी आठवून सांगितले. बेरीज केली, पेटीतली रोकड मोजली, तर रोकड ५०० रुपयांनी कमी. म्हणजे न भरता भरले असे कोणीतरी सांगत होती. असे मी उघड बोलले नाही, पण आपल्यांतल्या एका भगिनीकडे मी दोनदा जाऊन “नक्की भरले का हो?” असे विचारले. तिचा हप्ता बरोबर ५०० चा होता आणि त्या महिन्यात तिच्या घरी ओढ होती. दोनदा विचारणे म्हणजे काय, हे बाईमाणसाला कळते. तिने मला पाणी दिले, आणि दुसऱ्या दिवसापासून मंडळात येणे बंद केले.

इकडे पडदा थिजणे काही थांबेना. आठवड्यातून दोनदा, तीनदा. एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पेटी उघडली नाही, दुरूनच पाहिले आणि म्हणाला, “जुना डबा आहे, बायका काहीही दाबतात, नवा घ्या.” येण्याचे ३०० रुपये घेऊन गेला. नवा घ्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. शिवाय ‘बायका काहीही दाबतात’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खरे म्हणजे मी काही दाबले नव्हते, सगळेच बंद केले होते.

रात्री भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “आत्या, थांबले म्हणजे काय थांबले? पडदा थांबला की यंत्र थांबले?”

मी म्हटले, “त्यात फरक असतो?”

तर फार फरक असतो. घराचे पुढचे दार उघडेना म्हणजे आतली माणसे गेली असे होत नाही. पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम निराळे आणि हिशेब सांभाळण्याचे काम निराळे. पुष्कळदा चित्र काढणारा तेवढा अडकतो आणि आतला कारभार चालूच असतो. तो ओळखावा कसा? भाच्याने सांगितले, काम करताना बारीक आवाजात गाणे लावून ठेव. पुढच्या खेपेला मी तसे केले. पडदा थिजला, घड्याळ थांबले, आणि गाणे आपले शांतपणे पुढच्या कडव्यावर गेले. भगिनींनो, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. याच अवस्थेत मी त्याची वीज तोडली होती!

कीबोर्डावर कॅप्स लॉक नावाचे बटण असते, ते दाबले की एक दिवा लागतो आणि विझतो. पडदा थिजल्यावरही तो दिवा ऐकत असेल तर यंत्र जागे आहे हे नक्की. मात्र दिवा लागला नाही म्हणून ते मेले असे धरू नये, कारण लिनक्समध्ये त्या दिव्याचा कारभार बहुधा चित्र काढणाऱ्याकडेच असतो. तो अडकला की दिवाही अडकतो.

आता काय करावे ते सांगते. घाई नाही हे पहिले. दोन-तीन मिनिटे थांबावे, कधी कधी त्याचे तेच सुटते. नाही सुटले तर कंट्रोल, आल्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावी. आमच्या मिंटमध्ये त्याने पडद्यावरचा सगळा मांडा नव्याने मांडला जातो आणि उघड्या फाइली जागच्या जागी राहतात. तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ दाबावे. त्याने चित्रे जाऊन काळा पडदा येतो, पांढरी अक्षरे येतात आणि तो आपले नाव विचारतो. नाव लिहावे, मग परवलीचा शब्द लिहावा. येथे मी फसले. परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, एक टिंबसुद्धा नाही. मला वाटले कीबोर्डही गेला, आणि मी तोच शब्द तीनदा लिहिला. न दिसताच लिहावयाचा असतो. आत गेल्यावर यंत्राला नीट बंद होण्याची आज्ञा देता येते, किंवा कंट्रोल, आल्ट, एफ ७ दाबून परत चित्रांच्या पडद्यावर येता येते.

हेही चालले नाही तर शेवटचा उपाय. कीबोर्डावर प्रिंट स्क्रीन असे बटण असते, जुन्या कीबोर्डावर त्याखाली बारीक अक्षरांत सिस आरक्यू लिहिलेले असते. ते आणि आल्ट दाबून धरावे आणि एकेक करून एस, यू, बी ही अक्षरे दाबावी, मध्ये दोन-तीन सेकंद सोडून. एस म्हणजे हातातले लिखाण तबकडीवर लिहून टाक. यू म्हणजे दप्तर बांध, आता नवे लिहू नको. बी म्हणजे पुन्हा सुरू हो. ही आज्ञा चित्र काढणाऱ्याला वळसा घालून थेट गाभ्याला जाते. जे आपण अजून साठवलेच नव्हते ते यानेही वाचत नाही, पण फाइल अर्धवट लिहिली जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. ज्यांच्या घरी विंडोज १० किंवा ११ आहे त्यांनी विंडोजची खूण असलेले बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून पाहावे. पडदा क्षणभर काळा होतो, बीप वाजते, आणि चित्र काढणारा पुन्हा कामाला लागतो. यंत्राचे बटण दहा सेकंद दाबून धरणे हे सर्वांत शेवटी.

पण ही सगळी झाली मलमपट्टी. पडदा थिजतो का, ते तर कळायला हवे होते. आपण दुधाची वही ठेवतो तशी मी एक वही केली आणि दोरीने टेबलाला बांधली. तारीख, यंत्र किती वाजता चालू केले, किती वाजता थिजले, काय करीत होते, डंक चालू होता की बंद, आणि कोणत्या उपायाने सुटले. चार आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. चार वेळा एस्केपने भागले, दोन वेळा काळ्या पडद्याने, बाकी पाच वेळा एस, यू, बी. वही वाचत गेले तशा दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. सकाळी एकदाही थिजला नव्हता. आणि अकराच्या अकरा वेळा डंक चालू होता.

झाले! मी ठरवूनच टाकले की दोष विजेचा. डंकाची मोटर सुरू झाली की खोलीतला दिवा मंदावतो हे आपण सगळ्या पाहतोच. आठ दिवसांच्या बोलीने एक यूपीएस मागून आणला, म्हणजे विजेचा चढउतार यंत्रापर्यंत पोचणार नाही. मंडळात सांगूनही बसले की आता बघा. तिसऱ्या दिवशी डंक धडधडत असताना यूपीएससकट पडदा थिजला. माझा चेहरा काय झाला असेल ते विचारू नका.

भाच्याने मग यंत्राची आतली रोजनिशी वाचायला लावली. यंत्र स्वतःशी सारखे लिहीत असते, हेही मला नवे. फोनवर तो एकेक अक्षर सांगे आणि मी काळ्या पडद्यावर टाइप करी. जर्नलसीटीएल, मग जागा सोडून उणे बी, मग जागा सोडून उणे एक. म्हणजे आताची नव्हे, मागच्या खेपेची रोजनिशी दाखव. इंग्रजी मी अक्षरे लावून वाचते. अगदी शेवटी एक ओळ होती, ती लावली. ‘जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस.’ मी म्हटले, “अरे, कोणीतरी बसमधून पडलंय!” तो इतका हसला की फोन ठेवावा लागला. जीपीयू म्हणजे चित्रे काढणारा भाग. तो ज्या वेगळ्या पट्टीवर बसवलेला असतो तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. आणि बस म्हणजे ते कार्ड व बाकीचे यंत्र यांच्यामधला निरोपांचा रस्ता. कार्डाने त्या रस्त्यावर उत्तर देणेच बंद केले होते, असा त्याचा अर्थ. ते फार तापले, खाचेत सैल बसले किंवा त्याला वीज पुरी पडली नाही, की असे होते. “वीज तू पाहिलीस,” तो म्हणाला, “आता तापते का ते बघ.”

तापण्याचा उलगडा मात्र वहीने केला, आणि तोही डंक बिघडला म्हणून. मे महिन्यात एके दिवशी भर दुपारी डंकाचा पट्टा तुटला. डंक थांबला, मिरचीचा खकाणा बसला, म्हणून मी खोलीची दारेखिडक्या उघडल्या. त्या दिवशी कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालला. वहीत तसे लिहिताना माझ्या लक्षात आले की डंक चालू असला की तिखट आत येऊ नये म्हणून आपण दारे घट्ट लावून घेतो. बंद खोली, उन्हाळ्याची दुपार, वर पत्रा. डंकाचा दोष नव्हताच, तो आपल्या दारांचा होता.

त्याच दुपारी दुसरी गोष्ट घडली. नवा पट्टा आणायला निघालेला मुलगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, पैसे द्या. मागच्या महिन्याइतकेच, पाचशे.”

मागच्या महिन्यात पट्टा मीच मागवला होता. पेटीतून पैसे मीच काढून दिले होते. नोंदही केली होती, ती त्या रिकाम्या फाइलीत गेली. जमा झालेले सगळ्यांना विचारत फिरले, खर्च झालेले मला स्वतःलाच विचारायचे राहिले.

मी तशीच उठले आणि त्या भगिनीच्या घरी गेले. काय बोलणे झाले ते येथे सांगत नाही. एवढेच सांगते की तिने मला लगेच क्षमा केली नाही, आणि ते बरोबरच होते. पंधरा दिवसांनी ती मंडळात आली ती थेट डंकापाशी जाऊन बसली, माझ्याशी बोलली नाही. आषाढात बोलली.

आता पेटी उघडण्याचे. आधी यंत्र नीट बंद केले, वायर भिंतीतून काढली, आणि चालू करण्याचे बटण एकदा दाबले, म्हणजे आत राहिलेली थोडी वीज निघून जाते. बाजूची पाटी काढली आणि मला सटासट सात शिंका आल्या. आत ब्याडगी मिरचीचा थर! लाल, तेलकट, बोटाला चिकटणारा. पाच वर्षांची चटणी आपण त्या यंत्राला चारली होती. आतल्या उघड्या लोखंडाला हात लावून मग काम सुरू केले, कारण अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना बाधते. मुलांच्या रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश घेतला. ओले फडके अजिबात नाही. पंखे झाडताना पाते बोटाने धरून ठेवावे, भरारा फिरू देऊ नये. जिथून विजेच्या वायरी निघतात तो बंद डबा मात्र उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात झटका बसण्याइतकी साठलेली असते.

कार्डाच्या पंख्याला ब्रश लावला तर तो फिरेचना. जाम झालेला होता. बहुधा महिनोनमहिने तो फिरत नव्हता आणि कार्ड आपले तापत होते. मी त्याला साफ केले, कार्ड खाचेतून काढून पुन्हा घट्ट बसवले, पंखा थोडा फिरू लागला. पाच दिवस बरे गेले, सहाव्या दिवशी पडदा थिजला.

तेव्हा भाच्याने अखेरची युक्ती सांगितली. चित्र काढण्याची साधी सोय यंत्राच्या मुख्य पाटीवरही असते. सगळ्याच यंत्रांत नसते, पण आपल्या यंत्रात आहे. कार्ड काढून टाक आणि पडद्याची वायर मागच्या बाजूच्या दुसऱ्या खाचेत लाव. सुनेच्या हातचे बिघडते आहे का हे पाहावयाचे तर चार दिवस तिला माहेरी पाठवून स्वयंपाक आपण करून पाहावा, तसे हे झाले. सुनांनी रागावू नये, मीही सून आहे. कार्ड काढले, वायर बदलली, दारे मुद्दाम लावून घेतली आणि भर दुपारी डंक चालू असताना दोन-दोन तास बसले. एक महिना वही लिहिली. एकही नोंद झाली नाही.

म्हणजे ते कार्ड आपल्याला लागतच नव्हते. कचेरीत त्यावर नकाशे काढीत असतील. आपले काम हप्ते लिहिण्याचे. नव्या यंत्राचा खर्च वाचला, दुरुस्तीवाल्याचे ३०० तेवढे गेले.

त्यानंतर आपण दोन नियम केले ते तुम्ही पाळता आहातच. कॉम्प्युटर डंकाच्या खोलीतून उचलून वाचनाच्या खोलीत नेला. आणि संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी फाइलीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावयाची, आणि पैसे देणारीच्या हातात कागदाची पावती द्यावयाची, जमेची आणि खर्चाचीही. पावतीपुस्तक आता त्या भगिनीकडे आहे. तिने ते मागून घेतले.

वही अजून दोरीला बांधलेली आहे. कार्ड टेबलाच्या उजव्या खणात ठेवले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी चहा झाल्यावर यावे, फक्त त्याच्या पंख्यावर फुंकर घालू नये. अजून तिखट आहे.